भेंडीचा वाफा आणि नाक्यावरचे दुकान

मंडळी, भेंडीचा वाफा आणि नाक्यावरचे हार्डवेअरचे दुकान यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न मथळा वाचून आपल्या मनात आला असेल. एक विषय स्वयंपाकघराचा, दुसरा बाजारपेठेचा. पण ज्याने पाच गुंठ्यांत का होईना, भेंडी लावून ती बाजारात नेली आहे, त्याला हा संबंध सांगावा लागत नाही. भेंडी ही वाट न पाहणारी भाजी आहे. भोपळा चार दिवस वेलावर राहिला तर बिघडत नाही, सुरण जमिनीत महिनाभर जास्त राहिला तरी चालतो; पण भेंडीची शेंग दोन दिवस चुकली की तिचे लाकूड होते. म्हणून तिच्यासाठी लागणारी वस्तू कोठून आणावी, हा प्रश्न ‘दोन रुपये स्वस्त की महाग’ एवढ्यावर सुटत नाही. या दोन्ही गोष्टींचा आज आपण एकत्र विचार करू.

ठाणे जिल्हा म्हटला की आता डोळ्यांपुढे उंच इमारती आणि भरगच्च लोकल गाड्या येतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली, आणि तेव्हापासून रुळांच्या कडेकडेने वस्ती वाढत आली. १९८२ साली ठाण्याची आणि १९८३ साली कल्याणची महानगरपालिका झाली. २०१४ साली पालघर वेगळा निघाला. तरीही शहापूर व मुरबाड हे तालुके आणि कल्याण, भिवंडी, अंबरनाथकडची कितीतरी गावे अजून शेती करतात. भात निघाला की नदीकाठच्या आणि विहिरीच्या जमिनीत भाजीचे वाफे पडतात. वासिंद, खडवली, टिटवाळा या बाजूची भाजी सकाळी कल्याण, डोंबिवली, ठाण्याला येते. शहापूर-मुरबाडची भेंडी तर परदेशीही गेली आहे. शहर जवळ असणे हे या शेतकऱ्याचे भाग्य. आणि शहरातल्या मोठ्या दुकानांचा मोहही त्याला त्यामुळेच जवळचा.

प्रथम लागवड पाहू. भेंडी ही कापूस, अंबाडी आणि जास्वंद यांच्या कुळातली. तिचे फूल आणि जास्वंदीचे फूल शेजारी ठेवून पाहा: मधल्या दांडीभोवती पुंकेसरांची नळी दोन्हींत सारखीच दिसेल. या कुळाला ऊब आवडते. थंडीत भेंडीचे बी नीट रुजत नाही. म्हणून आपल्याकडे तिचे दोन हंगाम: पावसाळी पीक जून-जुलैत पेरायचे आणि उन्हाळी पीक जानेवारी-फेब्रुवारीत. पावसाळ्यात आपल्या भागात पाणी इतके कोसळते की सपाट वाफ्यात मुळे कुजतात. तेव्हा गादीवाफा किंवा वरंबा करून बी वरच्या अंगाला टोकावे. उन्हाळ्यात उलट: पाणी मोजून द्यावे लागते. मुंबईची तहान भागवणारे भातसा आणि तानसा हे जलाशय ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातले अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी ठिबकची एक साधी नळी आणि झाडांच्या बुंध्याशी भाताच्या पेंढ्याचे आच्छादन, या दोन गोष्टी पीक वाचवतात.

आकडे हेक्टरी सांगितले की लहान शेतकऱ्याला आणि शाळेच्या परसबागेला त्यांचा उपयोग होत नाही, म्हणून आपण एका गुंठ्याचा हिशोब करू. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, सुमारे १०१ चौरस मीटर. दोन ओळींत दोन फूट आणि दोन झाडांत एक फूट अंतर ठेवले तर एका गुंठ्यात साडेपाचशेच्या आसपास झाडे बसतात. एका ठिकाणी दोन बिया टोकायच्या, तर शंभर ग्रॅम बी पुरते. बी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत कोरडे करून टोकले की पाच-सहा दिवसांत कोंब दिसतात. दोन्ही रोपे आली तर जोमदार ठेवून दुसरे काढायचे. जमिनीत आधी दीड-दोनशे किलो कुजलेले शेणखत मिसळावे. वरखत द्यायचे झाल्यास गुंठ्याला एक किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि अर्धा किलो पालाश एवढी साधारण मात्रा पुरे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे सव्वादोन किलोच्या आतच युरिया लागला. तोही निम्मा पेरणीला आणि निम्मा महिन्याने. मूठभर जास्त टाकल्याने भेंडी जास्त येत नाही. पाने माजतात आणि त्यांवर तुडतुडे-मावा लवकर बसतो.

भेंडीचा मोठा शत्रू म्हणजे हळद्या. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे पान पिवळे होते, शेंगाही पांढरट-पिवळ्या, खुरटलेल्या येतात. हा विषाणूचा रोग आहे आणि तो पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. या रोगाची पहिली नोंद १९२४ साली झाली, तीही आपल्या तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच. त्यावर उपाय म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. हरभजन सिंग यांनी ‘पुसा सावनी’ हा वाण काढला. तो देशभर गेला, पण काही वर्षांनी त्यालाही हळद्याने गाठले. मग १९८० च्या दशकात परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनीचा एका रानटी नातेवाइकाशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला. असे वाण सरळ असतात, म्हणजे त्यांचे बी घरी धरता येते. पाकिटातल्या संकरित बियाण्याचे तसे नाही. ते धरून पेरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत. पावसाळ्यात आपल्या बाजारात पांढरट, लांबलचक, पुष्कळ धारांची गावठी भेंडी येते. तिचे बी ज्या घरांत आजही गाडग्यात राख घालून जपून ठेवतात, त्यांनी ते मुळीच मोडू देऊ नये.

रोगट झाड दिसताच उपटून जाळावे. पिवळे चिकट सापळे लावावेत. त्यांवर पांढरी माशी येऊन चिकटते. निंबोळ्यांचा अर्क घरी करता येतो: अर्धा किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्याने गाळून दहा लिटर पाणी पुरे करायचे आणि चिमूटभर साबणचुरा टाकून फवारायचे. विषारी औषधाकडे वळायचे ते याने भागले नाही तरच. ते का, ते पुढे सांगतो.

पेरणीपासून चाळीस दिवसांच्या आसपास फुले लागतात. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत शेंग काढणीला येते. तेव्हापासून दीड-दोन महिने दर एक दिवसाआड तोडा. टोक बोटाने मोडून पाहा: कट्कन तुटले तर शेंग कोवळी, नुसते वाकले तर जून. गुंठ्याला हंगामात साधारण शंभर-सव्वाशे किलो माल धरला आणि पंचवीस तोडे मोजले, तर एका तोड्याला चार-पाच किलो भेंडी येते. पाच गुंठे असतील तर वीस-पंचवीस किलो. एक तोडा चुकला की तेवढा माल जून झाला. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. झाडावर जून शेंग राहिली की झाड बी पोसायला लागते आणि नवी फुले कमी देते.

आता वाफ्यातून जरा चुलीकडे येऊ, कारण तिथेही भांडण कोवळेपणाचेच आहे. भेंडी बुळबुळीत होते म्हणून पुष्कळ मुले ती खात नाहीत. हा बुळबुळीतपणा म्हणजे शेंगेतला एक चिकट पदार्थ, जो पाण्यात विरघळतो आणि पाण्याला दाट करतो. कोल्हापूरकडे गुऱ्हाळात उसाच्या रसातली मळी वर आणण्यासाठी भेंडीच्या झाडाचाच चिकट रस वापरतात. तिथे हा गुण उपयोगाचा, आपल्या कढईत अडचणीचा. तेव्हा पाण्याशी त्याची गाठ पडू द्यायची नाही. भेंडी अख्खी धुवावी, फडक्याने कोरडी पुसावी आणि मगच चिरावी. चिरून धुऊ नये. लोखंडी कढईत तेल चांगले तापवून मोहरी, हिंग, हळद आणि हिरवी मिरची टाकावी, भेंडी घालावी, झाकण ठेवू नये. झाकणाला सुटलेले पाणी परत भाजीत पडते. मीठ शेवटी घालावे, कारण मीठही पाणी सोडवते. पाव किलो भेंडीला तीन-चार आमसुले घातली की आंबटपणामुळे तार तुटते. वरून ओले खोबरे. ताकातली भेंडी करायची तर भेंडी आधी तेलावर परतून घ्यावी, मग बेसन लावलेले ताक घालून मंद विस्तवावर ढवळत राहावे. आगरी-कोळी घरांत भेंडीत सुका जवळा पडतो, गोव्यात सुंगटांच्या हुमणात भेंडी जाते. आंबट सोल दोन्हीकडे आहेच. भेंडीत तंतू, क जीवनसत्त्व आणि फोलेट आहे, म्हणून ती अवश्य खावी. पण भेंडीचे पाणी पिऊन मधुमेहाची गोळी बंद करणे हा मात्र जिवाशी खेळ होय.

चुलीवर एवढी काळजी घेऊनही भेंडी जून असेल तर सारे फुकट. ती जून का होते? आळसाने क्वचितच. बहुधा खोळंबा होतो तो एखाद्या फुटकळ वस्तूने. पंपाचा वायसर गेला, पाइपाचा सांधा उखडला, ठिबकच्या नळीला उंदराने भोक पाडले, खुरप्याची मूठ निघाली. उन्हाळ्यात तीन-चार दिवस पाणी चुकले की फुले गळतात, शेंगा खुरटतात आणि लहानपणीच जून होतात. आणि लहान घरात वस्तू आणायला जाणारे माणूस व तोडा करणारे माणूस बहुधा एकच असते. ते दुकानात गेले की वाफ्यातले काम राहिले.

येथे दुकानांचा प्रश्न येतो. अमेरिकेत १९७८ साली स्थापन झालेल्या ‘होम डेपो’ने गोदामाएवढी दुकाने काढून खिळ्यापासून दारापर्यंत सगळे एका छपराखाली आणले, आणि तिथली कितीतरी गावातली दुकाने त्या लाटेत मिटली. आपल्याकडे लोखंडी सामानाची एवढी अवाढव्य साखळी अजून रुजलेली नाही. पण वारे तिकडचे आहे. २०१२ साली केंद्र सरकारने किरकोळ व्यापारात परदेशी भांडवलाला दार अधिक उघडले. १८ डिसेंबर २०२० रोजी आपल्याच जिल्ह्यात, नवी मुंबईतल्या तुर्भ्याला, ‘आयकिया’चे मोठे दुकान सुरू झाले. घरसामानाची मोठी दुकाने ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात आता सर्रास दिसतात, आणि मोबाइलवर बोट दाबले की कुदळसुद्धा घरपोच येते. अशा वेळी नाक्यावरच्या दुकानाने काय करावे आणि आपण काय करावे?

मोठ्या दुकानाचे गुण आधी मोकळेपणाने मान्य करू. किंमत छापलेली असते. सरपंचाला एक आणि कातकरी मजुराला एक असा भेद नाही. माल हाताळून, चार नमुने शेजारी ठेवून पाहता येतो. बिल न मागता मिळते. वस्तू बिघडली तर परत देण्याची रीत ठरलेली असते. घाऊक खरेदीमुळे काही वस्तू खरोखरच स्वस्त पडतात. गावच्या दुकानांत या गोष्टी नेहमी मिळतातच असे नाही. ‘चालेल हो, घेऊन जा’ म्हणून बिनाछापाचा पाइप गळ्यात मारणारे आणि बिल मागितले की कपाळाला आठ्या घालणारे दुकानदार आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

आता जवळच्या दुकानाचे गुण. तिथे एक वायसर मिळतो. बाराचे पाकीट घ्यावे लागत नाही. पाइप हातभर कापून मिळतो. तुटलेला सांधा खिशात घालून नेला तर दुकानदार तो उलटापालटा करून सांगतो, ‘हा पाऊण इंची आहे, तुमची नळी अर्ध्या इंचाची, मध्ये हा तुकडा घाला.’ सकाळी आठला आणि रात्री नऊलाही दार ठोठावता येते. पैसे कमी पडले तर वहीत खाते आहे. पहिली पट्टी आली की ते फिटते. या सेवांची किंमत कुठल्याच बिलावर छापलेली नसते, म्हणून ती आपल्या हिशोबात येत नाही. पण हिशोब मांडून पाहा. समजा, दूरच्या दुकानात एक जोड वीस रुपयांनी स्वस्त मिळाला. जाण्यायेण्याचे भाडे वेगळे, आणि पाच गुंठ्यांचा एक तोडा चुकला तर वीस किलो भेंडी जून. वीस रुपये वाचले आणि वीस किलो माल गेला, याला स्वस्ताई म्हणता येईल काय?

मोठ्या भांडवलापुढे छोटे दुकान टिकूच शकत नाही, असे मात्र समजू नका. आपल्याच राज्यात, पुणे जिल्ह्यातल्या मंचरला, २००३ साली गोदरेज ॲग्रोव्हेटने ‘आधार’ नावाचे ग्रामीण दुकान सुरू केले. बी, खत, अवजारे आणि सल्ला एका ठिकाणी देण्याची कल्पना चांगली होती. त्याच सुमारास उत्तर भारतात डीसीएम श्रीरामची ‘हरियाली किसान बाजार’ ही साखळी निघाली. दहा-बारा वर्षांत ‘हरियाली’ला आपली दुकाने आवरती घ्यावी लागली आणि ‘आधार’चा मोठा हिस्सा दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेला. परदेशातलेही एक उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियातल्या बनिंग्ज या हार्डवेअरच्या बलाढ्य साखळीच्या मालकांनी २०१६ साली ब्रिटनमधली ‘होमबेस’ ही साखळी विकत घेतली. तिथल्या गिऱ्हाइकाला काय लागते, हिवाळ्यात काय खपते, याचा अंदाज चुकला आणि २०१८ साली ती अवघ्या एका पौंडाला विकावी लागली. मोठ्या जागेचे भाडे, पगार, वीज हा खर्च रोज चालू असतो. गिऱ्हाईक मात्र हंगामी आणि थोडेथोडे घेणारे. नाक्यावरच्या दुकानदाराचे बळ याच ठिकाणी आहे. पावसाआधी कोणती ताडपत्री लागेल आणि मार्चमध्ये कोणता वायसर संपेल, हे त्याला पाठ असते.

मात्र एका गोष्टीत जवळीक आणि ओळख पुरेशी नाही, आणि ती म्हणजे विषारी औषध. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. भेंडी ही कापसाच्याच कुळातली, कीडही पुष्कळशी तीच. म्हणून ‘कापसाला चालते ते भेंडीलाही चालेल’ असा सल्ला सहज दिला जातो. तो घेऊ नये. कापूस आपण खात नाही, भेंडी खातो, आणि तीही एक दिवसाआड तोडून. फवारणीनंतर किती दिवस तोडा करू नये, हे लेबलावर लिहिलेले असते. तेवढे दिवस थांबायला भेंडी तयार नसते, म्हणून माणूस मोह आवरत नाही आणि विष ताटात येते. युरोपात जाणाऱ्या भारतीय भेंडीची औषधांच्या अंशांसाठी वाढीव तपासणी झाली, ती याच कारणाने. आपल्या डोंबिवलीच्या ताईच्या पिशवीतली भेंडी कोण तपासणार? ती तपासणी शेतकऱ्याने स्वतःच्या मनाशीच करायची आहे. औषध परवान्याच्या दुकानातूनच, बंद डब्यात आणि बिलासह घ्यावे. डब्यावरच्या चौकोनातला रंग पाहावा: लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. लेबलावर भेंडीचे नाव नसेल तर ते भेंडीवर मारू नये. दोन औषधे एकत्र करू नयेत. कृषी-निविष्ठा विकणाऱ्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने २००३ पासून एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला आहे. आपल्या दुकानदाराने तो केला आहे का, हे विचारायला संकोच नको. डॉक्टरची पाटी आपण वाचतोच की!

तर मग खरेदी कशी करावी? माझ्या मते वस्तूच्या स्वभावावरून दुकान ठरवावे. जी वस्तू मापाने बसवायची, कापून घ्यायची, दुरुस्तीची आहे आणि जिच्यावाचून काम अडले आहे, ती जवळच्या दुकानातून घ्यावी. वायसर, जोड, नळीचा तुकडा, सुतळी, खुरप्याची मूठ या त्यातल्या. जी वस्तू पाच-दहा वर्षांसाठी घ्यायची, जिच्यावर हमी हवी आणि जी आज नाही तर पंधरा दिवसांनी आणली तरी चालते, ती चार ठिकाणी भाव पाहून घ्यावी. मग दुकान मोठे असो की लहान. पंप, फवारणी यंत्र, मोठी टाकी या त्यातल्या. त्यांतही पाइप घेताना त्यावर आयएसआयची खूण, ‘आयएस ४९८५’ हा मानकाचा क्रमांक आणि परवाना क्रमांक छापलेला आहे ना, हे वाचून पाहावे. अशी खूण देण्याचे काम आता भारतीय मानक ब्यूरो करते आणि परवाना खरा की खोटा, हे तिच्या मोबाइल ॲपवर पाहता येते.

बिल दोन्हीकडे मागावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आणि सदोष माल ठरल्या मुदतीत, मुदत ठरली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणे हीसुद्धा. हा कायदा चकचकीत दुकानाला जसा लागू आहे तसाच नाक्यावरच्या दुकानालाही. बिल मागणे म्हणजे ओळखीच्या माणसावर अविश्वास दाखवणे नव्हे. उलट जे दुकान बिल देते, खुणेचा माल ठेवते आणि लहानमोठ्या गिऱ्हाइकाला एकच भाव सांगते, त्याला मोठ्या दुकानाची भीती उरत नाही.

भावाचीच अडचण असेल तर तिसरा मार्ग आहे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांचे लहान लहान संघ करून घाऊक खरेदी एकत्र करण्याची रीत घालून दिली. गावातल्या दहा भेंडीवाल्यांनी तीच रीत धरावी. ठिबकची नळी, जाळी, क्रेट यांची यादी एकत्र करावी आणि ती घेऊन आधी आपल्याच नाक्यावरच्या दुकानदाराकडे जावे. ‘शेठ, एवढा माल एकदम घेतो, काय भावाने द्याल?’ असे विचारावे. पुष्कळदा तोच घाऊक बाजारातून आणून वाजवी भावात देईल. फायदा दोघांचा होईल आणि मार्चमधल्या अडीअडचणीला दुकान उघडे राहील. आपण सारे वर्षभर बाहेरून खरेदी करत राहिलो आणि फक्त एका वायसरसाठी त्याचे दार ठोठावले, तर ते दार किती दिवस उघडे राहणार?

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. शाळेच्या परसबागेत भेंडीचा एक वाफा अवश्य घ्या. दहा चौरस मीटर जागा पुरे. दहा ग्रॅम बी लागेल. तोड्याची तारीख आणि वजन मुलांनी वहीत लिहावे. एक झाड मुद्दाम चार दिवस न तोडता ठेवावे आणि त्याला पुढे फुले किती येतात, ती मोजावीत. एका वाटीत भेंडीचे काप पाण्यात आणि दुसऱ्या वाटीत आमसुलाच्या पाण्यात घालून तार कोणत्या वाटीत जास्त सुटते, ते पाहावे. वाफ्यासाठी घेतलेल्या प्रत्येक वस्तूचे बिल चिकटवहीत लावावे, तीच वस्तू दुसऱ्या दुकानात काय भावाने मिळते ते शेजारी लिहावे, आणि जाण्यायेण्याचे भाडे व गेलेला वेळ वेगळ्या रकान्यात मांडावा. विज्ञान, गणित आणि नागरिकशास्त्र, तिन्हींचे तास त्या एका वाफ्यावर होतील. आठवड्याच्या शेवटी तोडलेली भेंडी शाळेच्याच पोषण आहारात शिजवा. कोरडी पुसून, झाकण न ठेवता. मुले खातात की नाही, ते पाहा.